चौथा टाक

सुभानपुरा, बडोदे
१९ जानेवारी २०२५

दादा,

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून कागद. मस्कतच्या पत्त्यावर पाठवते आहे. वहिनीला सांगितलेलं नाही.

यशश्री बरी आहे. कॉलेजचं काम खूप असतं. फतेगंजहून सुटली की पाणीगेटला आजीकडे जाते, आणि आठवड्यातून एकदा माझ्याकडे जेवायला येते. माझ्या फ्लॅटची एक किल्ली तिच्याकडे असते. उत्तरायणाला ती पतंग उडवायला गच्चीवर गेली नाही. मान दुखते म्हणाली. शेजारची पोरं खालून हाका मारत होती, तेव्हा तिने खिडकी लावून घेतली.

आई ठीक आहे. जेवते. हे मुद्दाम लिहिते. आपला धाकटा अमोघ गेल्यावर ती जेवत नव्हती हे तू पाहिलं होतंस. कशाने जेवू लागली तेही पाहिलंस. त्यावर आपण कधी बोललो नाही. तू ओल्या हातांनी जिना उतरून गेलास.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण त्या दिवशी तू ऐकून घेतलं नाहीस. आपल्या घरात लढाईत पडलेल्याचाच टाक बसतो, हे मलाही ठाऊक होतं. चांदीच्या पत्र्यावरचे तीन स्वार. आबांनी जुनं घर विकलं तेव्हा ते रुमालात बांधून फ्लॅटमध्ये आणले आणि फ्रिजशेजारच्या फळीवर मांडले. धुळवडीला घरातल्या मोठ्या पुरुषाने पाटावर बसून त्यांना न्हाऊ घालायचं. एकेकाचं नाव घ्यायचं, कुठे पडला ते सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं, पाठ दाखवली नाही. आधी आबा म्हणायचे, मग तू. दोन वर्षांपूर्वी मी फळीवर चौथा टाक ठेवला आणि तुला अमोघचं नाव घ्यायला सांगितलं.

आई तेव्हा नुसत्या चहावर होती. डॉक्टरकडे यायला तयार नव्हती. परक्या माणसासमोर काय सांगू, म्हणायची. बाहेर सगळ्यांना आपण अपघात सांगितला होता. ज्या अपघाताबद्दल लोक विचारत तो तिला खोटा वाटे, आणि जे खरं होतं ते तोंडातून निघत नव्हतं. मधे तिला उभं राहायला जागा नव्हती. मी तिला जागा करून दिली: तोही लढताना पडला, पाठ दाखवली नाही, असं म्हणायला शिकवलं. मांडवीच्या सोनाराकडे घोड्याशिवाय ठसा नव्हता. 'बेन, घोडो तो आवशेज,' तो म्हणाला. आईला ते सांगितलं तर म्हणाली, 'सायकलवरून पडायचा. आता घोड्यावर नीट बस म्हणावं.' अमोघ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. त्या दुपारी तिने वरणभात खाल्ला.

घरच्या माणसांवर काम करायचं नाही, हा आमच्या समुपदेशनातला पहिला नियम. तो मी मोडला. आई जेवू लागली. मी पुन्हाही मोडेन.

एक चांगली बातमी. यशश्रीला घरातल्या देवाचं काही पडलेलं नव्हतं, ती आता रोज फळी पुसते, अमोघच्या टाकाला फूल वाहते. परवा जेवताना तिने विचारलं, 'आत्या, बायकांचा टाक होतो का?' मला इतकं बरं वाटलं. मी तिला तासभर सांगत बसले. सती गेलेल्यांचं, बाळंतपणात गेलेल्यांचं, कुणाला देवात जागा मिळते आणि कुणाला नाही. म्हटलं, आपल्या घरात नव्हता, पण का नसावा? आपण सुरू करू. ती ऐकत होती. 'सोनार घोडा काढेल का मग?' म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

तुझी मुलगी विचार करते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

संयोगिता


सुभानपुरा
९ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट पाहत नाही.

यशश्री काही दिवस माझ्याकडे राहायला आली आहे. ताप होता. आता उतरला. आईला टायफॉइड असं सांगितलं आहे. वहिनीचा फोन आला की यशश्री स्वतःच बोलते, आवाज थोडा बसलेला आहे, तेवढंच. तिचं कॉलेज सध्या बंद ठेवलं आहे.

मीही घरीच आहे. माझ्या भेटी माझी सहकारी भक्ती घेते. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली, गंजली होती.

तू एकदा वहिनीपाशी म्हणाला होतास, संयोगिता देवघराला टेकू लावून दुकान चालवते. वहिनीने मला सांगितलं. मी रागावले नाही. दुकानाच्या वेबसाइटवर भक्तीने लिहिलं आहे, 'सर्वांगीण आणि संस्कृतीचं भान असलेलं समुपदेशन.' मी ते वाक्य काढायला सांगितलं होतं. ती म्हणाली, ताई, लोक हेच शोधतात.

मी काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. फतेगंजला शिकले तेव्हा पुस्तकातला माणूस एकटा असायचा. खुर्चीत बसून आपलं मन सांगणारा. माझ्याकडे तसा कुणी आला नाही. येतात ते सासूसकट, कुलदैवतासकट, राहून गेलेल्या नवसासकट. म्हणून मी पहिल्या भेटीत विचारते, घरात देव कुठे ठेवलेत, आधी कोण जेवतं, भांडण कुठल्या भाषेत होतं. गुजरातीत शांतपणे बोलणारी बाई रडताना मराठीत येते, तेव्हा मी पाणी पुढे करते आणि थांबते.

रिफायनरीतला एक माणूस यायचा, मूळचा जालन्याकडचा. छातीत दुखायचं, हृदय ठणठणीत होतं. बोलता बोलता निघालं की बाप गेला तेव्हा शिफ्ट होती, रजा मिळाली नाही, डोकं भादरायचं राहिलं. आमच्यातलं दुसरं कुणी असतं तर वर्षभर अपराधभावाबद्दल बोललं असतं. मी म्हटलं, वर्षश्राद्धाला भादरा. न्हाव्याच्या खुर्चीत तो इतका रडला की न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. पुन्हा छाती दुखली नाही.

हे सगळं खरं आहे. आज का लिहिते आहे, कळत नाही. यशश्री आतल्या खोलीत जागी आहे. दार उघडं ठेवलं आहे. मी इथून तिचे पाय पाहू शकते.

संयोगिता


सुभानपुरा
१६ फेब्रुवारी

दादा,

यशश्रीने आज परवानगी दिली. ती सज्ञान आहे, तिने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून थांबले. मागचं पत्र खोटं होतं.

ताप नव्हता. जानेवारीच्या शेवटी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. माझ्या घरात, मी कामावर असताना. शेजारच्या पटेलबेन डबा परत द्यायला आल्या आणि दार उघडेना म्हणून त्यांनी माणसं बोलावली. एवढ्यावर ती वाचली. बाकीचं विचारू नकोस. तिला तर मुळीच विचारू नकोस.

शरीराने ती बरी आहे. डॉक्टर अनिश म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांचे उपचार सुरू आहेत. मी नाही करत. आता मी फक्त आत्या आहे.

इस्पितळात त्यांनी मला विचारलं, घरात यापूर्वी कुणी? हा प्रश्न मी स्वतः रोज विचारते. मी म्हटलं, नाही. एक अपघात झाला होता. त्यांनी ते लिहून घ्यायला सुरुवात केली. यशश्रीने डोळे उघडले. शुद्धीवर आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

'आत्या,' ती म्हणाली, 'काकाचं सांग.'

मी सांगितलं. डॉक्टरांनी अपघात खोडला.

बायकांचा टाक होतो का. दादा, हा प्रश्न मी तुला आनंदाने कळवला होता. परक्या मुलीने विचारला असता तर मी पेन खाली ठेवलं असतं. तुझ्या मनात काय आहे, असं सरळ विचारलं असतं. हा प्रश्न माझ्या विषयातला होता. मी विषय ऐकला. मुलगी ऐकली नाही.

नंतर ती थोडं थोडं बोलली. दोन विषय राहिले होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणी तुटल्या होत्या. झोप नव्हती. महिनोन्महिने. यातलं एकेक ऐकलं तर कुणालाही वाटेल, एवढंच? अमोघच्या बाबतीतही तसंच वाटलं होतं. मग ती म्हणाली, 'काकाला कुणी काही विचारत नाही. फुलं वाहतात. आजी रोज आधी त्याच्याशी बोलते, मग माझ्याशी. घरात सगळ्यांत लाडका तोच आहे.'

आईला जगवायला मी जे फळीवर ठेवलं, त्याच्यासमोर तुझी मुलगी रोज उभी राहत होती. मी आईकडे पाहत होते. दुसरं कोण पाहतंय हे पाहिलं नाही.

तू ये. लगेच तिला मस्कतला न्यायला म्हणून नको, उपचार मधेच तोडू नयेत असं डॉक्टर म्हणतात. नुसता ये. तिने एकच गोष्ट मागितली आहे. धुळवडीला तू पाटावर बसावंस आणि काकाचं नाव घ्यावंस. नाव घेऊन पुढे काय म्हणायचं, ते मी तिला विचारलं. 'बाबांना काय वाटतं ते,' म्हणाली. 'मला ते ऐकायचंय.'

संयोगिता


सुभानपुरा
४ मार्च

दादा,

तू आलास. त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. विमानतळावरून सरळ इथे आलास, बूट न काढता तिच्या खोलीत गेलास आणि तिच्या पायांवर हात ठेवून बसलास. मी चहा आणला तो तसाच निवला. वहिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. तू रडलास हे मी पाहिलं नाही असं समज.

फतेगंजच्या हॉटेलात राहिलास. पाणीगेटला गेला नाहीस. आईला अजून कळलेलं नाही की तू बडोद्यात होतास. तिने परवा मला विचारलं, विक्रमचं काही पत्र? मी नाही म्हटलं. ते तरी खरं होतं.

शेवटच्या दिवसाचं लिहिते. तू घाईत होतास, तुझ्या ध्यानात राहिलं नसेल. मला शब्द न् शब्द आठवतो.

तिने विचारलं, 'बाबा, धुळवडीपर्यंत थांबाल?'

तू म्हणालास, 'जो पळाला त्याच्यासाठी मी पाटावर बसणार नाही.'

तिने विचारलं, 'आणि मी?'

तू म्हणालास, 'तुझी गोष्ट वेगळी. तू आजारी होतीस.'

'मग काका कोण होता?'

तू घड्याळ पाहिलंस. वहिनी म्हणाली, अहो, टॅक्सी आली.

तू अमोघबद्दल बोललास. तिने स्वतःबद्दल ऐकलं. तू गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते आले, तिच्याशी बोलले, काल पुन्हा बोलले. सध्या मी तिला एकटी ठेवत नाही. पटेलबेन दुपारी येऊन बसतात, भाजी निवडतात, टीव्ही बघतात. तिला एक प्रश्न विचारत नाहीत. त्यांचा फार आधार आहे.

तुझ्यावर सगळं टाकून मी मोकळी होत नाही. मी फार विचार केला. तू त्याला पळाला म्हणालास. मी आईकडून म्हणवून घेतलं, पाठ दाखवली नाही. आपण दोघांनी त्याला रणातच उभं केलं. तो रणात नव्हता. आतल्या खोलीत होता, आणि त्याला झोप येत नव्हती. रविवारी मी जायचे तेव्हा तो दाढी न केलेला बसलेला असायचा. मी म्हणायचे, अरे अंघोळ कर, बरं वाटेल. तू फोनवर म्हणायचास, नोकरी बघ. आई म्हणायची, लग्न करू.

धुळवड चौदाला आहे. आईने पाट घासून ठेवला आहे. तू नसलास तर संपतरावांना बसवावं का, विचारत होती. चुलत काका, म्हणजे मान त्यांचा. मी म्हटलं, थांब.

आईला खरं सांगावं लागेल. यशश्रीला पुन्हा त्या घरात जायचं आहे, आणि ती फळी तशी असताना मी तिला जाऊ देणार नाही. फळी बदलली तर आई जेवायची थांबेल. दोघींपैकी एक कशी निवडायची ते मला कुणी कधी शिकवलं नाही. तुला काही सुचत असेल तर कळव.

संयोगिता


सुभानपुरा
१८ मार्च

दादा,

तुझं काही आलं नाही.

होळीच्या दिवशी दुपारी मी पाणीगेटला गेले. आई पुरण वाटत होती. मी सांगितलं, टायफॉइड नव्हता. ती थांबली नाही, वाटत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिने हात धुतले आणि फळीकडे पाहिलं.

'हे बघून?' म्हणाली.

मी म्हटलं, एवढ्यानेच नाही. ती आजारी होती, आई. याने तिला वाट दाखवली, एवढंच.

'आणि हा?'

मी म्हटलं, हाही आजारी होता.

तिने विचारलं, 'मग तू तेव्हा मला वेगळं का सांगितलंस?'

तू जेवत नव्हतीस म्हणून, असं मी म्हटलं. ती हं म्हणाली. जाताना मला पुरणपोळी बांधून दिली, यशश्रीसाठी. माझ्यासाठी दिली नाही.

धुळवडीला यशश्री माझ्याबरोबर गेली. तिचाच हट्ट. डॉक्टरांना विचारून नेली. खाली रस्त्यावर पोरं रंगलेली होती, एकाने तिच्या गालाला गुलाल लावला, तिने लावू दिला. वर पाट मांडलेला होता. तांब्याचं ताम्हन, दूध, हळद. मी विचारलं, संपतराव? आई म्हणाली, 'त्यांना नाही बोलावलं. त्यांनी कुठं बघितलाय अमोघला.'

मग ती स्वतः पाटावर बसली. गुडघ्यांमुळे तिला बसवत नाही, तुला माहीत आहे. एक हात फ्रिजला धरून बसली. आपल्या घरात बाई कधी त्या पाटावर बसलेली मी पाहिली नाही. आबा असते तर उठवलं असतं, असं मला वाटून गेलं. मग वाटलं, नसतंही.

तिने तिघांना न्हाऊ घातलं. काठेवाडच्या स्वारीत पडले ते, नदी उतरताना पडले ते, आणि ज्यांचं गाव आबांनाही नीट ठाऊक नव्हतं ते. प्रत्येकाला म्हणाली, पाठ दाखवली नाही. तुझ्यासारखंच, घाईघाईने.

चौथा हातात घेतला. यशश्री माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या हातात नव्हता, मी घ्यायला गेले तर तिने काढून घेतला होता.

आई म्हणाली, 'अमोघ. बडोद्यात. घरात.'

पाणी ताम्हनात ठिबकत होतं.

'आजारी होता. आम्हाला कळलं नाही.'

टाक पदराने पुसला. तीन फळीवर गेले. चौथा घेऊन ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि त्याचे शर्ट ठेवलेत त्या ट्रंकेत ठेवून आली. यशश्रीने विचारलं, 'आजी, देवात नाही ठेवणार?'

आई म्हणाली, 'देवाला काय विचारणार? मला विचारायचंय त्याला.'

यशश्री तिथेच खाली बसली आणि रडली. इस्पितळापासून ती रडली नव्हती. आईने तिला जवळ घेतलं नाही, मीही नाही. आई तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, 'तुला पण विचारायचंय. सांगशील तेव्हा सांग.'

हे सगळं तुला लिहिताना बरं वाटतं. आता पुढचं.

आई जेवत नाही. त्या दिवसापासून चहा, कधी ताक. दुपारी ट्रंक उघडून बसते. ओठ हलतात. मी गेले की ट्रंक लावते आणि म्हणते, बस. रागावलेली नाही. माझ्याशी बोलायचं मात्र तिने सोडलं आहे, पाहुण्यासारखं तेवढं विचारते. डॉक्टर अनिशना घरी आणलं तर येऊ दे म्हणाली. त्यांना दूध दिलं, केम छो विचारलं आणि औषधाची गोळी उशीखाली ठेवली. ती जेवायची थांबेल हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, दादा. पाटावर बसण्याआधी तिने एकदा यशश्रीकडे पाहिलं. मी तिथे होते.

यशश्री आता पाणीगेटला राहते, मीही तिथेच पथारी टाकते. ती गोळ्या घेते. झोपते. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या, आजीसमोर बसून, मुद्दाम. 'आजी, एक घास,' म्हणाली. आईने ताट तिच्याकडे सरकवलं.

तुला आता कुणाचं नाव घ्यायला यावं लागणार नाही. धुळवड झाली. पाट पलंगाखाली गेला. जेवायला ये. आपण लहान असताना तुझं ताट वाढलं की आई त्यातला पहिला घास स्वतः खायची, मीठ बघायला. माझ्या ताटातला कधी खाल्ला नाही, अमोघच्याही नाही. मी जे काही शिकले ते सगळं तिच्यावर करून पाहिलं आहे. हे एक माझ्या हातात नाही.

ये आणि तिच्यासमोर ताट घेऊन बस. मीठ कमी आहे म्हण.

संयोगिता